चार दरवाजांपासून दुब्रॉवनिकपर्यंत

माझं माहेर वडोदऱ्याच्या चार दरवाजात. लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांच्या आतलं जुनं शहर म्हणजे आपल्या बोलण्यातलं नुसतं 'चार दरवाजा'. मधोमध मांडवी. तट कधीच गेला, दरवाजे तेवढे उरले. तिथल्या एका पोळीत आमचं तीन मजली घर आहे. 'आम्ही पोळीत राहतो' असं म्हटलं की पुण्याच्या मावसभावंडांना अजूनही हसू येतं.

बाबा गेल्यापासून त्या घरात आई एकटी राहते. मी गोत्रीच्या फ्लॅटमध्ये, दादा जर्मनीत. २०२३च्या दिवाळीत एका कापडाच्या व्यापाऱ्याने घराची चौकशी केली. त्याला गोडाऊन हवं होतं. रक्कम चांगली होती. दादा म्हणाला, विकून टाकू. मी म्हणाले, मुळीच नाही. फोनवर आमचं बरंच वाजलं. आई दोघांनाही एवढंच म्हणाली, "बघू."

मे २०२४मध्ये दादाने आम्हा दोघींना बोलावलं. आठ दिवस त्याच्याकडे राहून पुढे आठवडाभर क्रोएशिया, असा बेत होता. १ जानेवारी २०२३पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आला आणि त्याच दिवशी तिथे युरो सुरू झाला, त्यामुळे वेगळा व्हिसा नको आणि पैसे बदलायची कटकटही नाही. दादाला समुद्र हवा होता, मला जुनी गावं हवी होती. आईला काय हवं होतं ते, नेहमीप्रमाणे, आम्ही विचारलं नव्हतं.

पिले दरवाजा

दुब्रॉवनिकच्या जुन्या शहरात गाडी जात नाही. बसमधून पिले दरवाजाबाहेर उतरायचं, दगडी पूल ओलांडायचा आणि चालत आत शिरायचं. आमची घरमालकीण किल्ल्या घेऊन दरवाजातच उभी होती. नमस्कार-चमत्कार होण्याआधी तिने आमच्या बॅगांकडे बोट दाखवून हसत सांगितलं, "कृपा करून उचलून न्या, ओढू नका." चाकांच्या बॅगा दगडावरून ओढल्या की रात्री-अपरात्री सगळ्या गल्लीची झोप मोडते, म्हणून नगरपालिकेनेच पाहुण्यांना तशी विनंती केली आहे. दोन मोठ्या बॅगा आणि आईची खाकरा-चिवड्याची पिशवी दादाने मुकाट्याने उचलली.

आत गेल्यावर समोर येतो स्त्रादुन, म्हणजे शहराचा मुख्य रस्ता. जेमतेम तीनशे मीटर लांब. फरशी चुनखडीची, आणि शतकानुशतकांच्या पावलांनी इतकी गुळगुळीत झालेली की भर उन्हातही आत्ताच कोणी धुऊन काढली असावी असं वाटतं. दोन्ही बाजूंची घरं एकाच साच्यातली. ६ एप्रिल १६६७ रोजी इथे मोठा भूकंप झाला, बरंचसं शहर जमीनदोस्त झालं, आणि नंतर हा रस्ता एकाच नमुन्याने बांधून काढला. तळमजल्यावर दुकान, आणि दुकानाचं दार नि खिडकी एकाच कमानीत. खिडकीचा कठडा म्हणजेच गल्ला. गिऱ्हाईक बाहेर उभं, दुकानदार आत.

"आपल्या ओटल्यासारखंच की," आई म्हणाली.

स्त्रादुनच्या उत्तरेकडच्या गल्ल्या म्हणजे निव्वळ पायऱ्या. आमची खोली अशाच एका गल्लीत, वरच्या टोकाला. आई पायऱ्या मोजत चढली. ब्याऐंशी. वर पोचल्यावर हिरव्या झडपांच्या खिडकीशी बसून तिने गुडघे चोळले आणि समोरच्या घराकडे बघत राहिली. दोन्ही हात लांब केले तर समोरच्या भिंतीला लागतील इतकीच ती गल्ली रुंद.

तटावरून

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आणि मी तटावर चढलो. आई खालीच थांबली. सकाळी आठला तिकीटखिडकी गाठली, कारण दहानंतर क्रूझ जहाजांचे लोक येतात. एका वेळी दोनच मोठी जहाजं यावीत असं शहराने २०१९मध्ये जहाज कंपन्यांशी ठरवून घेतलं आहे, तरी गर्दी होतेच. तेव्हाचं माणशी पस्तीस युरोंचं तिकीट रुपयांत मांडू नये, चढायचा उत्साह जातो.

पण तट खरोखर पाहण्यासारखा आहे. पूर्ण फेरी १,९४० मीटरची, जागोजागी उंची पंचवीस मीटरपर्यंत. जमिनीच्या बाजूला भिंत काही ठिकाणी सहा मीटर जाड आहे, समुद्राच्या बाजूला बरीच कमी, कारण तिथे समुद्रच राखणीला. एकाच दिशेने चालायचं. डावीकडे लाल कौलांचा गालिचा, उजवीकडे खाली खडक आणि निळंभोर पाणी. बाहेरच्या खडकावर लोव्रियेनाकचा किल्ला. त्याच्या दरवाजावर लॅटिनमध्ये कोरलं आहे की जगातल्या सगळ्या सोन्याच्या बदल्यातही स्वातंत्र्य विकू नये. हे शहर म्हणजे रागुसाचं प्रजासत्ताक. व्हेनिस आणि तुर्की सुलतान या दोन बलाढ्यांच्या मध्ये, सुलतानाला दरवर्षी खंडणी देऊन आणि सगळ्यांशी व्यापार करून, त्याने आपलं डोकं शतकानुशतकं वर ठेवलं. १८०६मध्ये नेपोलियनचं सैन्य आत आलं आणि १८०८मध्ये प्रजासत्ताक संपलं.

कौलांकडे नीट पाहिलं तर दोन रंग दिसतात. काही फिकट, उन्हापावसात मुरलेली. बहुतेक मात्र भडक, नवी. १९९१च्या ऑक्टोबरमध्ये युगोस्लाव्हियाच्या सैन्याने शहराला वेढा घातला. ६ डिसेंबर १९९१ला सर्वांत भीषण तोफमारा झाला. १९७९पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या या शहरातल्या जवळपास दोन तृतीयांश इमारतींना झळ पोचली. कुठल्या घरावर काय पडलं त्याचा नकाशा आजही दरवाजाशी लावलेला आहे. भडक कौलं ही तेव्हाची डागडुजी.

चालता चालता मी एक खेळ सुरू केला: माणसं खरंच राहतात अशी घरं शोधायची. वाळत घातलेले कपडे, खिडकीत तुळशीसारखी जपलेली एखादी कुंडी, लहान मुलाची सायकल. पंधरावीस मिनिटांत माझ्या लक्षात आलं की अशी घरं मोजायला दोन हात पुरतात. बाकीच्या दारांशी आकडे जुळवून उघडायच्या किल्लीच्या पेट्या. पाहुण्यांनी यायचं, आकडे दाबायचे, किल्ली घ्यायची. १९९१मध्ये तटाच्या आत सुमारे पाच हजार माणसं राहत होती. आता दीड हजाराच्या आसपास उरली आहेत.

"बघ," मी म्हणाले, "सगळ्यांनी घरं सोडली की असं होतं."

"सोडली कुठे? ठेवलीच आहेत की," दादा म्हणाला. "घर ठेवणं आणि घरात राहणं यात फरक आहे. तू विकू देत नाहीस, ठीक. तू तिथे राहायला जाणार आहेस का? गोत्रीचा फ्लॅट सोडून? पार्किंग नाही, शाळेची बस पोळीत येत नाही. सांग ना."

मिन्चेता बुरुजाच्या पायथ्याशी आम्ही उभे होतो. मागून लोक येत होते, त्यांना वाट द्यायला हवी होती. मी काहीच बोलले नाही, कारण उत्तर 'नाही' होतं आणि ते मला माहीत होतं.

किल्ली कुणाकडे असते?

खाली आलो तर आई गुंदुलिच चौकातल्या भाजीबाजारात एका आजीबाईंच्या शेजारी दगडी पायरीवर बसलेली. सुके अंजीर, साखरेत घोळलेल्या संत्र्याच्या साली, लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या असा आजींचा माल. दोघींना एकमेकींचा एकही शब्द कळत नव्हता, तरी आईच्या पिशवीत ब्लितवाच्या दोन जुड्या आल्या होत्या, आणि ती कशी करायची तेही आजींनी बोटांनी समजावलं होतं. ब्लितवा म्हणजे जाड देठांची, पालकाच्या चुलतबहिणीसारखी पालेभाजी. बटाटा उकडायचा, त्यातच भाजी टाकायची, वर लसूण आणि ऑलिव्हचं तेल. बहुतेक हॉटेलांत मासळीबरोबर देतात, नुसती मागितली तरी मिळते. शाकाहारी मंडळींनी हे नाव पाठ करून जावं. बेकरीत चीजचा बुरेकही मिळतो.

संध्याकाळी आईने ब्लितवा केली आणि बरोबर आणलेल्या मोहरी-हिंगाची फोडणी दिली. त्याच वेळी घरमालकीण धुतलेल्या चादरी घेऊन आली. वासाने थबकली. आईने तिला बसवलंच. आमच्याकडे आलेला माणूस न खाता जात नाही, हा नियम आईने पासपोर्टबरोबर नेला होता.

जेवताना ती मोकळी झाली. हे तिच्या आईचं घर. ती इथेच वाढली. वेढा पडला तेव्हा ती दहा वर्षांची होती. पाणी आणि वीज बंद, रात्री सगळे तळघरात. छपराला गोळा लागला, पुढे ते दुरुस्त झालं. आई वारल्यावर ती नवऱ्याबरोबर बाहेर, ग्रूझ बंदराजवळच्या फ्लॅटमध्ये गेली. तिथे लिफ्ट आहे, गाडी लावता येते. या गल्लीत पूर्वी किराण्याचं दुकान होतं, चांभार होता. आता चुंबकं आणि टी-शर्ट मिळतात. "विकायला मन होत नाही," ती म्हणाली. "भाड्यावर दोन मुलं शिकली. पण अकरा वर्षांत मी या घरात एक रात्रही झोपले नाही."

दादा भाषांतर करत होता. आईने भाजी वाढता वाढता विचारलं, "विचार तिला, किल्ली कुणाकडे असते? आणि दिवा कोण लावतं?"

दादा जरा गोंधळला, पण त्याने विचारलं. ती बाई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली की दिवा पाहुणेच लावतात. फक्त ३ फेब्रुवारीला, शहराचे रक्षक संत व्लाहो यांच्या सणाला, ती पाहुणे घेत नाही. सगळे भाऊबंद इथे जेवायला जमतात आणि रात्री आपापल्या फ्लॅटवर जातात. संत व्लाहो म्हणजेच सेंट ब्लेझ. आपल्या गोव्यात, जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला त्यांच्या नावाचं चर्च आहे. हे तिला माहीत होतं, मला नव्हतं.

ती गेल्यावर आईने भांडी घासली. घर या विषयावर ती काहीच बोलली नाही.

मिठाची भिंत

चौथ्या दिवशी बसने स्टॉनला गेलो. पेल्येशाक द्वीपकल्पाच्या तोंडाशी हे चिमुकलं गाव आहे, आणि त्याच्या डोंगरावरून साडेपाच किलोमीटरची तटबंदी जाते. ती मूळची आणखी लांब, साधारण सात किलोमीटरची होती. खालून पाहिलं तर प्रश्नच पडतो: एवढ्याशा गावाला एवढी भिंत कशाला?

उत्तर गावाच्या पायाशीच आहे. मिठागरं. रागुसाने १३३३मध्ये हा भाग घेतला आणि लगोलग तट बांधायला घेतला, कारण मीठ हा त्या प्रजासत्ताकाच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. समुद्राचं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात सोडत न्यायचं, उन्हा-वाऱ्याने ते आटवायचं आणि शेवटच्या खाचरात मीठ गोळा करायचं. आपल्याकडच्या मिठागरांसारखीच रीत, आणि ती इथे आजही चालू आहे. आईने मिठाची छोटी पिशवी घेतली. "सोन्यासाठी किल्ले बांधतात ऐकलं होतं. हे बरं, मिठासाठी."

तटाच्या दुसऱ्या टोकाला, माली स्टॉनला, शिंपल्यांची शेती होते. दादाने तिथे कालवं खाल्ली, आईने तोंड फिरवून डोंगर पाहिला. पण मला लक्षात राहिली ती संध्याकाळ. स्टॉनच्या गल्लीत मुलं भिंतीवर चेंडू मारत होती, एक बाई खिडकीतून त्यांना ओरडत होती, आणि दोन म्हातारे बाकावर बसून आमच्याकडे टक लावून बघत होते. आमच्या पोळीत नवखा माणूस शिरला की बघतात, अगदी तसं.

वाऱ्यासाठी आखलेलं गाव

तिथून पुढे बस ओरेबिचला जाते आणि छोट्या फेरीने पाव तासात कॉर्चुला बेट गाठता येतं. कॉर्चुलाचं जुनं शहर एका भूशिरावर आहे. नकाशा माशाच्या काट्यासारखा: मधून एक कणा आणि दोन्ही बाजूंना गल्ल्या. गंमत म्हणजे पश्चिमेकडच्या गल्ल्या सरळ आहेत, उन्हाळ्यातला गार 'माएस्त्राल' वारा आत यावा म्हणून. पूर्वेकडच्या गल्ल्यांना बाक दिला आहे, हिवाळ्यातला बोचरा 'बुरा' वारा अडावा म्हणून. या गावाचे लिखित कायदे १२१४ सालचे मानले जातात. मार्को पोलो इथलाच असं गाव सांगतं. पक्का पुरावा नाही, पण त्याच्या घराचं म्हणून एक घर दाखवतात.

शेवटच्या रात्री आम्ही तिघं तटाजवळच्या बाकावर बसलो होतो. दादाने घराचा विषय काढला, मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि आई म्हणाली, "थांबा दोघंही."

"सहा महिने झाले, तुम्ही विकायचं की ठेवायचं यावर भांडताय. मला एकानेही विचारलं नाही की आई, तुला जिना चढवतो का? नाही चढवत. तीन महिने झाले, मी तिसऱ्या मजल्यावर गेलेली नाही. पावसाळ्यात वर कुठे गळतं ते मला आता शेजारच्या चंपाबेन त्यांच्या गच्चीवरून बघून सांगतात."

आम्ही दोघंही गप्प.

"मला त्या घरातच राहायचंय. पण एकटीने नाही. आणि खाली गोडाऊन, वर कुलूप, असंही नाही. खालच्या खोलीत माझी कॉट लावा, मागे मोरीच्या जागी नीट बाथरूम करा. वर भाडेकरू ठेवू. पाहुणे नकोत, राहणारे हवेत. दिवेलागणीला घरी येणारं कुणीतरी. माझ्यामागे काय करायचं ते तुम्ही ठरवा, तेव्हा मी बोलायला येणार नाही."

दादाने खर्चाचा हिशोब मांडायला सुरुवात केली. "वाशांची अवस्था बघितल्याशिवाय आकडा सांगता येणार नाही," तो म्हणाला. आई म्हणाली, "मग बघ. येऊन बघ."

तो डिसेंबरमध्ये आला, दहा वर्षांत पहिल्यांदा तीन आठवड्यांसाठी. वाशांचा खर्च आम्ही धरला होता त्याच्या दुपटीने निघाला. खालचं बाथरूम झालं. दुसऱ्या मजल्यावर आता महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकणाऱ्या दोन मुली राहतात, एक अमरावतीची आणि एक भावनगरची. तिसरा मजला अजून बंद आहे. भाड्यातून खर्च निघायला बरीच वर्षं लागतील, आणि हा व्यवहार तोट्याचा आहे असं दादाला आजही वाटतं. त्याचं गणित चुकलेलं नाही. मी महिन्यातून दोन शनिवार मुलांना घेऊन तिथे झोपायला जाते. तटावर दादाने विचारलेल्या प्रश्नाचं एवढंच उत्तर मला सध्या देता येतं.

जाणार असाल तर

मे किंवा सप्टेंबर निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही सोसत नाही. तटावर सकाळी लवकर चढा, टोपी न्या, वर सावली फारशी नाही. बूट चांगल्या पकडीचे हवेत, गुळगुळीत दगडावरून आमचा दादा दोनदा घसरला. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. पिले दरवाजाच्या आत ओनोफ्रिओचं गोल कारंजं आहे. १४३८मध्ये जवळजवळ बारा किलोमीटरवरून पाणी आणून ते चालू केलं. सोळा दगडी मुखांतून आजही गार, पिण्याजोगं पाणी येतं. घरातल्या ज्येष्ठांना नेणार असाल तर खोली घेताना पायऱ्या किती ते आधी विचारा. आणि दुब्रॉवनिकला सगळे दिवस घालवू नका, एक रात्र तरी स्टॉन किंवा कॉर्चुलासाठी ठेवा. जुनी गावं गर्दी ओसरल्यावर संध्याकाळी कळतात.

आईने आणलेलं स्टॉनचं मीठ खालच्या खोलीतल्या फडताळात बरणीत आहे. गेल्या आठवड्यात भाडेकरू मुलींपैकी एकीने चुकून ते आमटीत भसाभस घातलं. आमटी खारट झाली. आईने त्यात दोन बटाटे टाकले आणि मला फोन केला, "येतेस का जेवायला? आज जास्त झालीय."